सोलापूरचा शेठ आणि आमच्या गाडीचा जादा पाटा

आमच्या घरी गाडी आली तेव्हा मी शाळेत होतो. सेकंडहँड प्रीमियर पद्मिनी, रंग मोतिया. वडिलांचे चादरीचे चार माग होते. गाडी घरासाठी घेतली असं ते सांगत, पण महिन्याभरात मागची सीट निघाली आणि तिथे चादरींचे गठ्ठे बसू लागले. गठ्ठ्यांनी गाडीची पाठ खाली बसायला लागली. तेव्हा वडिलांनी एका गॅरेजमध्ये मागच्या कमानीत दोन्ही बाजूंना एकेक जादा पाटा घालून घेतला. गाडी मागून ताठ उभी राहिली. वडील खूश.

नवरात्रात आईला तुळजापूरला जायचं होतं. गठ्ठे उतरवले, सीट बसवली आणि आम्ही निघालो. सोलापूर-तुळजापूर अंतर पंचेचाळीस किलोमीटरच्या आसपास, पण त्या दिवशी ते संपेना. काळ्या मातीवरचा रस्ता पावसात फुगतो आणि उन्हात भेगाळतो. प्रत्येक खड्ड्यात गाडीची मागची बाजू बैलासारखी उडी मारी. आईला पाठीचं दुखणं होतं. ती ओठ घट्ट मिटून बसली होती. घाटाच्या एका वळणावर ओल्या खडीवरून मागची चाकं सरळ बाहेर घसरली. गाडी थांबली ती कठड्यापासून हातभर अंतरावर. देवीचं दर्शन झालं, पण परतताना आई एसटीनं आली. या गाडीत पुन्हा पाय ठेवणार नाही, एवढंच ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी वडील गाडी घेऊन वेगळ्या मिस्त्रींकडे गेले. आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. मराठी, कानडी, तेलुगू आणि दखनी या चारही भाषा एकाच वाक्यात बोलणारा अस्सल सोलापुरी माणूस. त्यांनी आधी कोपऱ्यावर जोर देऊन गाडी दाबली आणि सोडली. चांगली गाडी एकदा वर येऊन जागेवर बसते. आमची तीन-चार वेळा डोलली. म्हणजे मागचे शॉकप संपलेले. मग त्यांनी वडिलांना समजावलं. पाटा ओझं पेलतो, पण उसळी मारतो. ती उसळी मारण्याचं काम शॉकपचं. पाटा वाढवला आणि शॉकप तसेच ठेवले, तर रिकामी गाडी खड्ड्यात चाक टेकवतच नाही. जे चाक जमिनीला टेकत नाही, ते वळणावर धरणार कसं? शिवाय मागची बाजू उचलली की पुढच्या चाकांचा कल बदलतो, आणि स्टिअरिंग सरळ रस्त्यावरही भटकू लागतं. बसणाऱ्याला मऊ हवं असतं, चालवणाऱ्याला घट्ट. दोघांचं ऐकून मध्यावर थांबावं लागतं.

आणि मग, हात पुसता पुसता, चाचांनी विचारलं की ही गाडी ज्याच्या कारखान्यातली, तो शेठ आपल्या गावचा होता हे ठाऊक आहे ना? मला नव्हतं. वालचंद हिराचंद हे नाव मी कॉलेजच्या पाटीवर वाचलं होतं, तेवढंच. पुढे त्यांच्याविषयी मिळेल ते वाचत गेलो.

वालचंद हिराचंद दोशी यांचा जन्म सोलापुरात २३ नोव्हेंबर १८८२ चा. घराणं गुजराती दिगंबर जैन, व्यवसाय सावकारीचा आणि कापसाचा. शिक्षण सोलापूर, मुंबई आणि पुण्यात. पेढीवर बसून व्याज मोजण्यात त्यांचं मन रमलं नाही. रेल्वेत कारकुनी केलेल्या लक्ष्मणराव फाटक यांच्याबरोबर भागीदारी करून ते ठेकेदारीत शिरले. पहिलं काम मिळालं ते आपल्याच जिल्ह्यातल्या बार्शी लाइट रेल्वेच्या वाढीव मार्गाचं.

ही छोटी गाडी आमच्या भागातल्या जुन्या लोकांना अजून आठवते. अडीच फुटी रूळ, १८९७ मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजचं कुर्डुवाडी, ते बार्शी सुरू झालेली. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरनं तिची आखणी करताना एक साधं तत्त्व धरलं होतं: इंजिन असो की डबा, कुठल्याही आसावर पाच टनांहून जास्त भार यायचा नाही. ओझं सारखं वाटलं की हलका रूळही मोठा माल वाहतो. वालचंदांच्या ठेकेदारीची सुरुवात अशा रेल्वेवर झाली, हे मला आमच्या पाट्याची गोष्ट आठवून मोठं गमतीचं वाटतं.

कारण पुढे या माणसानं एकाच आसावर किती ओझं घेतलं! बोरघाटातले बोगदे, धरणं, पूल अशी बांधकामं झाली. १९२६ मध्ये हिंदुस्तान कन्स्ट्रक्शन कंपनी निघाली. इंदापूर तालुक्यातल्या माळावर ऊस आणि साखर कारखाना उभा राहून वालचंदनगर वसलं. पण त्यांचा जीव अडकला तो समुद्रात. १९१९ मध्ये ग्वाल्हेरच्या महाराजांकडून त्यांनी आणि नरोत्तम मोरारजी प्रभृतींनी ‘लॉयल्टी’ हे जुनं जहाज घेतलं. सिंदिया कंपनीचं हे जहाज ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनला निघालं. तो दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो.

जहाज जुनं होतं. चारच वर्षांत ते भंगारात गेलं. ब्रिटिश कंपन्यांनी भाडी इतकी उतरवली की सिंदिया बुडायचीच वेळ आली. लॉर्ड इंचकेप कंपनी विकत घ्यायलाही तयार होते. वालचंदांनी विकली नाही. पण १९२३ मध्ये त्यांनी करार केला. सिंदियानं किनाऱ्याच्या वाहतुकीपुरतं राहायचं, परदेशी मार्गांकडे वळायचं नाही. स्वाभिमानी माणसाला ही अट बोचणारी होती आणि त्यावर टीकाही झाली. मला मात्र इथे चाचांचा मध्य दिसतो. त्या वेळी ताठ राहिले असते तर कंपनी मोडली असती, आणि सगळंच सोडलं असतं तर कंपनी त्यांची उरली नसती. कंपनी टिकली, म्हणून पुढे विशाखापट्टणमला गोदी झाली. तिची पायाभरणी १९४१ मध्ये राजेंद्रप्रसादांच्या हस्ते झाली आणि १४ मार्च १९४८ रोजी ‘जलउषा’ हे जहाज पंडित नेहरूंनी पाण्यात सोडलं.

मोटारीची कथा १९३९ ची. मोटार कारखान्याच्या बोलणीसाठी ते अमेरिकेला गेले. त्या प्रवासात विल्यम पॉली या विमानांच्या धंद्यातल्या अमेरिकन माणसाची ओळख झाली. मोटारीसाठी निघालेला माणूस विमानाचाही कारखाना डोक्यात घेऊन परतला! म्हैसूर संस्थानाच्या साथीनं डिसेंबर १९४० मध्ये बंगलोरला हिंदुस्तान एअरक्राफ्ट सुरू झाली. १९४२ मध्ये, युद्धाच्या धामधुमीत, ती सरकारनं ताब्यात घेतली. मोटारीचं घोडं तर त्याहून अडलं. फोर्डशी जमलं नाही, क्रायस्लरशी जमलं, पण परक्या सरकारनं पाठबळ दिलं नाही. प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली १९४४ मध्ये, आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून क्रायस्लरच्या बनावटीच्या गाड्या बाहेर पडू लागल्या त्या १९४७ मध्ये.

दोनच वर्षांत, १९४९ मध्ये, वालचंदांना पक्षाघात झाला. ज्या देहानं चाळीस-पंचेचाळीस वर्षं एकही खड्डा चुकवला नव्हता, तो एकदम थांबला. १९५० मध्ये ते कारभारातून निवृत्त झाले. पत्नी कस्तुरबाईंनी शेवटपर्यंत शुश्रूषा केली. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातेत सिद्धपूरला त्यांचं निधन झालं. इटलीच्या फियाटची ११०० ही गाडी प्रीमियरमध्ये तयार होऊ लागली ती पुढच्या वर्षी, १९५४ मध्ये. पुढे कॉइल स्प्रिंग, मागे कमान पाटे. तिचीच पुढची पिढी म्हणजे आमची पद्मिनी. ज्या गाडीनं त्यांचं नाव घराघरांत नेलं, ती त्यांनी पाहिलीच नाही.

त्यांचं सगळंच गोड मानावं असं नाही. आयात बंद असलेल्या बाजारात या गाडीला फारशी स्पर्धा नव्हती. ग्राहक नंबर लावून वर्षानुवर्षं थांबले आणि गाडी दशकानुदशकं फारशी बदलली नाही. जग नरम, चपळ गाड्यांत बसू लागलं तरी आम्ही पाटे ग्रीस करत होतो. शेवटी उत्पादन थांबलं आणि ऑक्टोबर २०२३ अखेर मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सीही गेल्या. पण यात दोष स्वप्नाचा किती आणि ते स्वप्न कुंपणात राखणाऱ्या व्यवस्थेचा किती, हेही पाहायला हवं.

आमच्या गाडीचं काय झालं? चाचांनी जादा पाटे काढले, उरलेले गंज घासून ग्रीस लावून बसवले, बूश आणि शॉकप नवे टाकले, पुढच्या चाकांची अलाइनमेंट केली. बिल पाहून वडिलांचा चेहरा पडला. पण चाचांनी खरी अट शेवटी सांगितली. या गाडीत एकतर चादरी बसतील, नाहीतर माणसं. दोन्हींसाठी एकच कमान चालणार नाही. त्या दिवाळीपासून गठ्ठे भाड्याच्या टेम्पोनं जाऊ लागले. नफा कमी झाला हे वडील बरेच दिवस ऐकवत राहिले.

पुढच्या नवरात्रात वडिलांनी गाडी दाराशी आणली आणि काही न बोलता मागचं दार उघडून उभे राहिले. आईनं आधी हातानं सीट दाबून पाहिली. मग बसली. घाटातल्या त्या वळणावर तिनं माझा हात घट्ट धरला. गाडी थोडी झुकली, सावरली आणि वर चढली. आईनं हात सोडला तो तुळजापूरची वेस दिसल्यावर.