सावित्रीमाईंची ती सव्वादोन वर्षे

३ जानेवारीला आपण सावित्रीमाईंच्या प्रतिमेला हार घालतो. भाषणात भिडेवाड्यातील शाळा येते, अंगावर झेललेले शेण-दगड येतात, शेवटी प्लेग येतो. या सगळ्याच्या मध्ये जुलै १८८८ ते नोव्हेंबर १८९० अशी सव्वादोन वर्षे आहेत. त्यांच्याबद्दल मात्र आपण फारसे बोलत नाही. या काळात माईंच्या घरी एक मोठा माणूस अंथरुणाला खिळून होता.

सावित्रीमाईंचा जन्म १८३१ सालचा, सातारा जिल्ह्यातील नायगावचा. १८४० मध्ये त्यांचा विवाह जोतीरावांशी झाला. १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा सुरू झाली आणि माई शिक्षिका झाल्या. फातिमा शेख त्यांच्या सोबतीला होत्या. पुढे फसवल्या गेलेल्या विधवांसाठी या दांपत्याने बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. तिथेच जन्मलेल्या काशीबाईंच्या मुलाला त्यांनी दत्तक घेतले, तोच यशवंत. १८६८ मध्ये घरचा हौद अस्पृश्यांना खुला झाला. १८७६-७७ च्या दुष्काळात माई उपाशी मुलांच्या पोटाला अन्न मिळावे म्हणून राबल्या. ज्याला समाजाने टाकले त्याला जवळ घ्यायचे, हेच त्यांचे आयुष्यभराचे काम होते.

मे १८८८ मध्ये मुंबईच्या मांडवी कोळीवाड्यात जनतेने जोतीरावांना महात्मा ही पदवी दिली. त्यानंतर दोनच महिन्यांत त्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवी बाजू लुळी पडली. त्यांचे स्नेही डॉ. विश्राम रामजी घोले यांनी उपचार केले. पण गेलेले बळ पूर्ण परत आले नाही. एके काळी कंत्राटदारीत कमावलेला पैसा समाजकार्यात खर्च झाला होता. घरात इतकी ओढाताण होती, की मामा परमानंदांना बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडे मदतीसाठी पत्र लिहावे लागले.

ज्यांच्या घरात असा रुग्ण आहे त्यांना हे दिवस कसे असतात ते सांगावे लागत नाही. कूस बदलून द्यावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. घास भरवावा लागतो, अंग पुसावे लागते, रात्री उठावे लागते. आणि माणूस चिडला तर ऐकूनही घ्यावे लागते.

अशा अवस्थेतही जोतीरावांनी डाव्या हाताने लिहायला घेतले आणि ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ पुरे केले. ते त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ मध्ये प्रसिद्ध झाले. ४ फेब्रुवारी १८८९ रोजी यशवंतचा विवाह सत्यशोधक पद्धतीने झाला, तोही याच आजारपणात. त्या घराने रुग्णाला कोपऱ्यात टाकले नाही. त्याचे काम, त्याचा विचार, त्याचा मान शेवटपर्यंत चालू ठेवला. आज ज्याला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात त्याचा गाभा हाच आहे. आजार बरा होणार नसला तरी वेदना कमी करता येते, सोबत देता येते आणि माणसाला माणूस म्हणून जगवता येते.

दुसरी गोष्ट इच्छेची. आजारापूर्वीच, १८८७ मध्ये, जोतीरावांनी मृत्युपत्र करून ठेवले होते. आपला देह जाळू नये, मिठात पुरावा, अशी त्यांची इच्छा होती. २८ नोव्हेंबर १८९० रोजी ते गेले. नगरपालिकेने घराजवळ दफनाला परवानगी दिली नाही, म्हणून दहन करावे लागले. दत्तक मुलाने टिटवे धरू नये म्हणून भाऊबंद आडवे आले. तेव्हा माईंनी स्वतः टिटवे हाती घेतले आणि अंत्ययात्रेच्या पुढे चालल्या. ज्याची आयुष्यभर सोबत केली त्याच्या शेवटच्या वाटेचा हक्क त्यांनी कुणाला हिरावू दिला नाही.

त्यानंतर माई घरी बसल्या नाहीत. १८९३ च्या सासवडच्या सत्यशोधक परिषदेच्या त्या अध्यक्षा होत्या. १८९७ मध्ये पुण्यात प्लेग पसरला. डॉ. यशवंत रुग्णांवर उपचार करू लागले आणि माई रुग्ण आणू लागल्या. मुंढव्याच्या महारवाड्यातील गायकवाडांच्या मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन आणले. तो मुलगा वाचला. माईंना मात्र प्लेगने गाठले आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले.

बाबासाहेबांनी बुद्ध, कबीर आणि फुले यांना गुरू मानले. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात रुग्णांविषयीच्या तथागतांच्या आस्थेवर स्वतंत्र भाग आहे. अतिसाराने घाणीत पडलेल्या, कुणी विचारत नसलेल्या भिक्खूला तथागतांनी आनंदांसह स्वतः धुतले आणि भिक्खूंनी एकमेकांची शुश्रूषा करावी असे सांगितले. म्हणजे आजाऱ्याची सेवा हे एकट्या घरच्या बाईच्या गळ्यात बांधायचे काम नाही, ते संघाचे काम आहे.

आपल्या वस्त्यांत आज काय दिसते? दवाखान्याने घरी न्यायला सांगितलेला कॅन्सरचा रुग्ण, नोकरी सोडून त्याच्याजवळ बसलेली सून किंवा मुलगी, आणि मयतीच्या दिवशी जमणारे आपण सगळे. केरळमध्ये शेजारपाजारच्या स्वयंसेवकांनी घरोघरी जाऊन अशी सेवा उभी केली आणि २००८ मध्ये त्या राज्याने त्यासाठी धोरणही केले. २०१४ मध्ये कायद्यात बदल होऊन वेदनेवर लागणारे मॉर्फिन मिळण्याची वाट सोपी झाली. डॉक्टरांना त्याबद्दल विचारणे हा रुग्णाचा हक्क आहे. शेवटच्या काळात कोणते उपचार नकोत हे आधी लिहून ठेवण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्य केला आहे.

तरुण मित्रांनो, आम्ही फार मोठे काही मागत नाही. प्रत्येक विहारात वस्तीतल्या अंथरुणाला खिळलेल्या माणसांची यादी असावी. आठवड्यातून दोन तास कुणीतरी तिथे बसावे, म्हणजे त्या घरातल्या बाईला झोपता येईल. औषध आणायला एक गाडी असावी. कूस कशी बदलायची, जखम कशी धुवायची हे परिचारिकांकडून शिकून घ्यावे, आणि मुलांनी ते मुलींच्या आधी शिकावे.

१० मार्चला अभिवादन सभा होईलच. त्या आधी एका घरी जाऊन येऊ.

जय ज्योती! जय सावित्री! जय भीम!