सावित्रीबाई फुले : निराधारांचे माहेर

प्रस्तावना

स्त्रीवर अत्याचार होतो, तेव्हा समाज बोट कोणाकडे दाखवतो? अत्याचार करणाऱ्याकडे, की जिच्यावर तो झाला तिच्याकडे? हा प्रश्न आजही आपल्या अवतीभोवती आहे. सुमारे दीडशे वर्षांपूर्वी पुण्यातील एका स्त्रीने या प्रश्नाचे उत्तर आपल्या घराचे दार उघडून दिले. सावित्रीबाई फुले यांना आपण मुलींच्या शाळेतील आद्य शिक्षिका म्हणून ओळखतो. या पाठात त्यांच्या कार्याच्या तितक्याच मोलाच्या, पण कमी परिचित अशा बाजूची ओळख आपण करून घेणार आहोत.

पाठ

सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी सातारा जिल्ह्यातील नायगाव येथे झाला. खंडोजी नेवसे पाटील हे त्यांचे वडील. त्या काळच्या रीतीप्रमाणे १८४० मध्ये, वयाच्या नवव्या वर्षी, पुण्याच्या जोतीराव फुले यांच्याशी त्यांचा विवाह झाला. सासरी आल्या तेव्हा त्यांना अक्षरओळख नव्हती. जोतीरावांनी त्यांना घरीच शिकवले. १८४८ मध्ये पुण्याच्या बुधवार पेठेतील भिडे वाड्यात मुलींसाठी शाळा सुरू झाली आणि सावित्रीबाई तेथे शिकवू लागल्या.

स्त्रीने घराबाहेर पडून शिकवावे, ही गोष्ट अनेकांना सहन झाली नाही. शाळेच्या वाटेवर त्यांच्या अंगावर चिखल आणि शेण फेकले जाई. त्या सोबत दुसरे लुगडे नेत आणि शाळेत पोहोचल्यावर बदलत. वाट अडवून अब्रूवर घाला घालण्याची धमकी देणाऱ्या एका गुंडाच्या त्यांनी भररस्त्यात थोबाडीत दिली, अशी आठवण सांगितली जाते. लोकांच्या दडपणामुळे सासऱ्यांनी या पतिपत्नींना घर सोडायला लावले, तरी शाळा बंद पडली नाही. अपमानाची लाज आपण बाळगायची नसते, हा धडा सावित्रीबाई या वाटेवर शिकल्या. पुढे तोच धडा त्यांनी इतर स्त्रियांना दिला.

त्या काळात उच्चवर्णीय समाजातील विधवांची स्थिती अत्यंत दयनीय होती. मुलींची लग्ने बालवयातच होत. नवरा दगावला की दहा-बारा वर्षांची मुलगीही विधवा ठरे. तिचे केस कापून तिला विद्रूप करण्यात येई आणि उरलेले आयुष्य घरातील कामे करण्यात जाई. १८५६ मध्ये विधवांच्या पुनर्विवाहाला कायद्याने मान्यता मिळाली; परंतु समाजाची मान्यता नव्हती. अशा निराधार तरुण स्त्रीवर घरातील वा शेजारातील पुरुषाची वाईट नजर पडे. कधी धाक दाखवून, तर कधी भुलवून तिचा उपभोग घेतला जाई. ती गरोदर राहिली की तो पुरुष नामानिराळा राही आणि सारा कलंक तिच्या माथी येई. मग विषारी औषधे घेऊन गर्भ पाडणे, जन्मलेल्या अर्भकाचा जीव घेणे किंवा स्वतः विहीर जवळ करणे, एवढेच मार्ग तिच्यापुढे उरत.

पुण्यात घडलेल्या एका घटनेने फुले दांपत्याचे मन हेलावून गेले. जोतीरावांच्या एका मित्राच्या घरी काशीबाई नावाची तरुण ब्राह्मण विधवा स्वयंपाकाचे काम करीत होती. शेजारच्या एका शास्त्र्याने तिला आपल्या जाळ्यात ओढले. तिला दिवस गेले, तेव्हा त्याने हात झटकले. तिला मुलगा झाला. लोकलज्जेच्या भयाने तिने त्या अर्भकाचा जीव घेतला आणि ते विहिरीत टाकले. गुन्हा उघडकीस आला. खटला तिच्यावर चालला आणि जन्मभर काळ्या पाण्याची शिक्षाही तिलाच झाली. अंदमानला गेली ती स्त्री. तिला या टोकाला नेणारा पुरुष मात्र गावात राहिला.

या प्रसंगानंतर, १८६३ च्या सुमारास, जोतीराव आणि सावित्रीबाईंनी आपल्याच घराच्या आवारात बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. ब्राह्मण वस्तीच्या रस्त्यांच्या कोपऱ्यांवर त्यांनी छापील पत्रके चिकटवली. विधवांनी येथे गुपचूप येऊन सुखरूप बाळंत व्हावे, बाळाला सोबत न्यावे किंवा येथेच ठेवावे, असे आवाहन त्यांनी केले. जे पाप कुजबुजत बोलले जाई, त्यावरील उपाय असा उघडपणे भिंतीवर लावला गेला.

पत्रके लावणे एक आणि आलेल्या स्त्रीची देखभाल करणे दुसरे. गृहातील हा भार सावित्रीबाईंनी उचलला. आपल्याकडे लेक बाळंतपणाला माहेरी जाते. ज्यांच्यासाठी माहेर आणि सासर या दोहोंची दारे बंद झाली होती, अशा स्त्रियांचे बाळंतपण सावित्रीबाई आईच्या मायेने करीत. दाराशी आलेली स्त्री आधीच अपराधाच्या भावनेने खचलेली असे. तिला न्यायनिवाड्याची नव्हे, आधाराची गरज आहे, हे सावित्रीबाई जाणत होत्या. त्यांना स्वतःचे अपत्य नव्हते. पण तेथील मुलांवर त्यांनी पोटच्या लेकरांप्रमाणे माया केली.

हे काम सोपे नव्हते आणि यशही पुरते मिळत नव्हते. १८८४ मध्ये जोतीरावांनी या गृहाची माहिती लेखी दिली. तोपर्यंत ३५ गरोदर विधवा तेथे येऊन बाळंत झाल्या होत्या. त्यांच्या मुलांपैकी केवळ ५ जिवंत राहिली. गरोदरपण लपवण्यासाठी मातांनी आधीच घेतलेल्या विषारी औषधांमुळे उरलेली दगावली. लोकलज्जेचा धाक किती जीवघेणा होता, हे या आकड्यांवरून कळते. तरीही गृहाचे दार बंद झाले नाही. १८७४ मध्ये तेथीलच एका विधवेचा मुलगा फुले दांपत्याने दत्तक घेतला आणि त्याचे नाव यशवंत ठेवले. तो पुढे डॉक्टर झाला. ज्याला जगाने पापाचे फळ म्हटले असते, त्याला या दोघांनी आपले नाव दिले.

सावित्रीबाईंचे हे धैर्य पुण्यापुरते नव्हते. १८६८ मध्ये त्या माहेरी नायगावला असताना एक प्रसंग घडला. गावोगाव पंचांग सांगत फिरणारा एक ब्राह्मण तरुण आणि महार समाजातील एक मुलगी यांचे प्रेम जमले. ती सहा महिन्यांची गरोदर होती. संतापलेल्या लोकांनी दोघांना मारहाण केली, गावातून धिंड काढली आणि आता त्यांचा जीव घ्यायचा असे ठरवले. बातमी कळताच सावित्रीबाई तेथे धावून गेल्या. जीव घेतल्यास सरकारी कायद्यानुसार काय परिणाम होतील, हे त्यांनी जमावाला ठणकावून सांगितले. जमाव थबकला. दोघांनी गाव सोडावे, एवढ्यावर वाद मिटला आणि सावित्रीबाईंनी त्यांना पुण्याला जोतीरावांकडे पाठवले. ही हकिगत त्यांनी स्वतः पत्राने जोतीरावांना कळवली होती.

एका स्त्रीने बोलायला सुरुवात केली की दुसरीला बळ येते. सुरतेच्या एका विधवेला अर्भकाच्या हत्येबद्दल शिक्षा झाली, तेव्हा वृत्तपत्रांतून साऱ्या स्त्रीजातीवर टीका होऊ लागली. त्यामुळे संतप्त झालेल्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्री-पुरुष तुलना’ हे पुस्तक लिहून पुरुषांच्या दुटप्पीपणावर प्रहार केला. त्यांच्यावर टीकेची झोड उठली, तेव्हा जोतीराव त्यांच्या पाठीशी उभे राहिले.

२८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीरावांचे निधन झाले. अंत्ययात्रेत टिटवे धरण्याचा मान पुरुषाचा मानला जाई. सावित्रीबाईंनी ते स्वतः धरले. त्यानंतर सत्यशोधक समाजाचे कार्यही त्यांनी पुढे चालवले. १८९७ मध्ये पुण्यात प्लेगची साथ पसरली. डॉ. यशवंत यांनी शहराबाहेर रुग्णांवर उपचार सुरू केले आणि वयाची पासष्टी ओलांडलेल्या सावित्रीबाई रुग्णसेवेला लागल्या. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घालून दवाखान्यात आणले. त्यातच त्यांना प्लेगची लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले.

२०१४ मध्ये पुणे विद्यापीठाला त्यांचे नाव देण्यात आले. सावित्रीबाईंच्या काळी पीडित स्त्रीला गुपचूप यावे लागे. आज बलात्कारपीडित स्त्रीचे नाव जाहीर करणे हाच कायद्याने गुन्हा आहे. तिच्यावर विनामूल्य उपचार करणे सरकारी आणि खाजगी रुग्णालयांना बंधनकारक आहे. मदतीसाठी १८१ हा दूरध्वनी क्रमांकही आहे. मात्र कायद्याच्या दारापर्यंत जाण्यासाठी तिला आधी शेजारच्या कोणाचा तरी हात लागतो. तिच्याकडे बोट न दाखवता तो हात पुढे करणे, हाच सावित्रीबाईंचा वारसा आहे.

शब्दार्थ

नामानिराळा राहणे – स्वतःचा संबंध नसल्याचे दाखवणे
हात झटकणे – जबाबदारी नाकारणे
काळे पाणी – अंदमान बेटावर पाठवण्याची शिक्षा
धिंड – अपमान करण्यासाठी काढलेली मिरवणूक
टिटवे – अंत्ययात्रेत पुढे धरायचे मडके

स्वाध्याय

१. काशीबाईच्या प्रसंगातून त्या काळच्या समाजाचा कोणता अन्याय दिसून येतो?
२. बालहत्या प्रतिबंधक गृहाला ‘निराधारांचे माहेर’ का म्हटले आहे?
३. नायगावच्या प्रसंगात सावित्रीबाईंचे कोणते गुण दिसतात?
४. आपल्या वस्तीतील पीडित स्त्रीला आपण कोणकोणत्या प्रकारे आधार देऊ शकाल? आठ ते दहा ओळींत लिहा.