रोखीचा व्यापारी : जेम्स कॅश पेनी

अमेरिकेतील मिसुरी राज्यात हॅमिल्टन गावी १६ सप्टेंबर १८७५ रोजी जेम्स कॅश पेनी यांचा जन्म झाला. वडील शेती सांभाळून धर्मोपदेश करीत. घरी ओढगस्त, त्यामुळे आठव्या वर्षीच आपल्या कपड्यांचा खर्च आपण कमवावा, असे त्यांनी मुलाला बजावले. पुढे पेनींनी कोलोरॅडोत मांसविक्रीचे दुकान काढले. मोठे गिऱ्हाईक असलेल्या हॉटेलच्या आचाऱ्याला दारूची बाटली लाच म्हणून देण्याचे त्यांनी नाकारले आणि ते दुकान बुडाले.

१४ एप्रिल १९०२ रोजी त्यांनी वायोमिंगमधील केमेरर येथे कापडचोपड, जोडे व किरकोळ मालाचे दुकान उघडले. कोळशाच्या खाणी आणि रेल्वे यांवर हे गाव नुकतेच उभे राहिले होते. भांडवलात त्यांचा वाटा २,००० डॉलरचा. त्यांतले १,५०० कर्जाऊ. पत्नी व तान्ह्या मुलासह ते दुकानावरच्या माळ्यावर राहत आणि मालाची खोकी सामान म्हणून वापरीत. खाणकंपनीची दुकाने उधारीवर चालत. पेनींनी मात्र नियम केला : व्यवहार रोखीचा, भाव सर्वांना एकच. पहिल्याच दिवशी ४६६ डॉलरची विक्री झाली.

आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. गावच्या दुकानदाराच्या वहीत वडिलांचे नाव कायमचे असे. सुगी झाली की तो सांगेल तो आकडा खरा. अशा घरी रोखीचा नियम उपाशीच ठेवील, ही शंका मला आहे. पण बुडीत उधारीचा भार भावात मिळवून प्रामाणिक गिऱ्हाइकाच्या माथी मारला जातो, हेही तितकेच खरे. पेनींच्या दुकानी मजुराला निदान आपण किती दिले, हे कळत होते.

१९०७ मध्ये त्यांनी भागीदारांचे हिस्से विकत घेतले. होतकरू नोकरांना ते नव्या दुकानात भागीदार करीत. १९२४ साली ५०० वे दुकान हॅमिल्टनलाच उघडले. १९२९ च्या मंदीनंतर त्यांची संपत्ती गेली, प्रकृतीही ढासळली. तरी ते पुन्हा उभे राहिले. १२ फेब्रुवारी १९७१ रोजी, ९५ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. २०२० मध्ये त्यांच्या कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. व्यापाराचे वैभव असे चंचल असते. पण गरिबाला श्रीमंताच्याच भावाने माल देणारा दुकानदार माझ्या वडिलांनाही भेटायला हवा होता.