धर्मांतरानंतरची चोवीस वर्षे
(रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचे चरित्र)



धर्मांतर एका दिवसात होते. पण ते खरे की खोटे, हे ठरायला पुढची सारी वर्षे जावी लागतात. नव्या मार्गाने निघालेल्या माणसाकडे लोक संशयानेच पाहतात. कशाच्या लोभाने गेला? किती दिवस टिकेल? घरच्यांचे काय? हे प्रश्न आपल्यापैकी अनेकांनी ऐकले आहेत. हेच प्रश्न आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेल्या एका माणसाला सव्वाशे वर्षांपूर्वी ऐकावे लागले. त्याचा धर्म आपला नव्हे आणि त्याची जातही आपली नव्हे. तरीही आम्हा हातखंब्याच्या लोकांना या जिल्हाबंधूची जीवनकथा माहीत असावी, असे मला वाटते.

नारायण वामन टिळक यांचा जन्म १८६१ साली करजगाव येथे एका चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. वडील तापट, आई देवभोळी आणि कवितेची आवड असलेली. आई गेली आणि लहानपणीच घर तुटले. मुलगा नाशिकला जाऊन संस्कृत शिकला. पुढे जालालपूरच्या गोखल्यांची मनकर्णिका ही अकरा वर्षांची मुलगी त्यांची पत्नी झाली. याच पुढे लक्ष्मीबाई टिळक म्हणून प्रसिद्धीस आल्या. बाईंच्या माहेरी सोवळ्याचा अतिरेक होता. बाजारातून आणलेले धान्य आणि मीठही वडील धुऊन घेत. अशा घरची ही लेक होती, हे पुढच्या हकिकतीसाठी लक्षात ठेवावे.

टिळक हुशार, पण एका जागी टिकणारे नव्हते. गाव बदलत, नोकरी बदलत. हाती पैसा आला की वाटून टाकीत. नागपुरात असताना त्यांनी धर्माचा पुष्कळ अभ्यास केला. जातिभेदाने आणि मूर्तिपूजेने समाजाचे भले होत नाही, असे त्यांचे मत बनत गेले. ज्या नागपुरात १४ ऑक्टोबर १९५६ रोजी लाखो लोकांनी बाबासाहेबांबरोबर धम्मदीक्षा घेतली, त्याच नागपुरात सुमारे साठ वर्षे आधी हा एकटा माणूस दुसरी वाट शोधत होता. राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गृहस्थाने त्यांना बायबलचा नवा करार वाचायला दिला. त्यांनी तो वाचला, शंका काढल्या, पत्रव्यवहार केला, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला.

त्यानंतर जे व्हायचे ते झाले. जात तुटली, नातलग दुरावले. पैशासाठी बाटला, हा आरोप त्या काळी प्रत्येक ख्रिस्ती झालेल्यावर होई. शिवाय टिळकांचा स्वभाव धरसोडीचा. हेही खूळ चार दिवसांचे, असे कोणाला वाटले असते तर नवल नव्हते. सर्वांत मोठा घाव लक्ष्मीबाईंना बसला. नवरा जिवंत असून नसल्यासारखा झाला. लहान मुलाला घेऊन त्या आपल्या नातेवाइकांकडे राहिल्या. हे दुःख टिळकांच्या निर्णयामुळेच त्यांच्या वाट्याला आले, हे आपण लपवू नये.

काही वर्षांनी त्या अहमदनगरला आल्या. पण आल्या म्हणून ख्रिस्ती झाल्या नाहीत. आधी वेगळ्या राहिल्या, आपला स्वयंपाक आणि आपले पाणी वेगळे ठेवले. टिळक रागीट होते, दोघांची भांडणे होत. तरी टिळकांनी हे सोवळे चालू दिले. पुढे एक दिवस बाईंनीच मनाशी विचार केला की जाती देवाने केल्या की माणसाने? माणसानेच केल्या, असे उत्तर त्यांचे त्यांनाच मिळाले. त्या दिवसापासून कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्याचा त्यांनी निश्चय केला, आणि १९०० साली स्वतःच्या इच्छेने बाप्तिस्मा घेतला.

पाण्याचे दुःख आपल्याला कोणी शिकवायला नको. महाडच्या तळ्यावर आपले लोक १९२७ साली गेले, ते याच विटाळाविरुद्ध. बाईंना विटाळ पाळण्याचा वा सोडण्याचा पर्याय होता. आपल्या आज्यांना तो कधीच नव्हता. तरीही विटाळ पाळणाऱ्या घरातल्या बाईने आपल्याच विचाराने तो हंडा फोडला, याचे मोल कमी होत नाही.

दुष्काळात या दांपत्याने अनाथ मुलांना घरी आणून सांभाळले. बालकवी ठोमरे टिळकांच्या घरी मुलासारखे राहिले. माणसे बाटवणारा म्हणून ज्याची धास्ती घ्यावी, त्याच्या घरात राहूनही बालकवी ख्रिस्ती झाले नाहीत आणि टिळकांची माया कमी झाली नाही. आरोप करणाऱ्यांना याहून चांगले उत्तर कोणते?

संशय दुसऱ्या बाजूनेही होताच. टिळकांनी ख्रिस्ती प्रार्थनेत अभंग, भजन आणि कीर्तन आणले. ते देशाभिमानी होते. परदेशी मिशनरींच्या वर्चस्वावर ते उघड बोलत. जुन्या धर्माच्या लोकांना ते परके वाटत आणि नव्या धर्मातल्या काहींना पुरते आपले वाटत नसत. पण त्यांनी ना ख्रिस्त सोडला, ना मराठी सोडली. १९१२ पासून अखेरपर्यंत ते 'ज्ञानोदया'च्या मराठी विभागाचे संपादक होते. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी आणि पगार सोडला व 'देवाचा दरबार' स्थापन केला. त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती. पैशासाठी धर्म बदलला, या आरोपाला त्या दिवशी काही अर्थ उरला नाही. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. त्यांचे अपुरे 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाईंनी पुढे नेले. जी पत्नी एकेकाळी त्यांच्या हातचे पाणी घेत नव्हती, तिनेच हे काम उचलले.

यातून आपण काय घ्यावे? ईश्वर मानणारा त्यांचा मार्ग आपला नाही. पण निष्ठा कशी असते, ते पाहण्यासारखे आहे. टीका करणाऱ्यांशी रोज वाद घालून निष्ठा सिद्ध होत नाही, वागण्यातून होते.

दुसरी गोष्ट घरातली. आपल्यातही एखादी म्हातारी आई वंदनेला हात जोडते आणि जुना टाक मात्र ट्रंकेच्या तळाशी जपून ठेवते. तिला चारचौघांत लाजवू नये. तिच्याशेजारी बसावे, पंचशीलाचा अर्थ सांगावा, आणि आपली दारू, आपला राग आधी सुटला का, ते पाहावे. ती आपले वागणे पाहत असते. पटले की ट्रंक ती स्वतःच उघडील.