न्यायमूर्ती काशिनाथ त्रिंबक तेलंग : होमर आणि रामायण

आपल्या लोणारात धारेजवळ सीता-नहाणी आहे आणि खाली सरोवराच्या काठी रामगयेचे देऊळ आहे. अशा या गावचा एक महाविद्यालयीन विद्यार्थी सुटीत घरी आला असता त्याने मला विचारले की, रामायण हे होमर नामक ग्रीक कवीच्या काव्यावरून रचले असे एका पंडिताचे मत आहे, ते खरे काय? मी पडलो शाळामास्तर, मॅट्रिकपर्यंत शिकलेला. उत्तर ठाऊक नव्हते, म्हणून त्याला रागे भरलो. तो बिचारा मान खाली घालून गेला. पुढे न्यायमूर्ती तेलंगांचे चरित्र वाचनात आले, तेव्हा माझी मलाच शरम वाटली. तेलंग आपल्या ज्ञातीचे नव्हते. तथापि आपली मुले आता विद्यापीठांत जाऊ लागली आहेत, म्हणून या स्मरणिकेत त्यांचा परिचय करून देत आहे.

तेलंगांचा जन्म मुंबईस ३० ऑगस्ट १८५० रोजी झाला. मुंबई विद्यापीठ १८५७ साली निघाले, म्हणजे ते त्यांच्याहून सात वर्षांनी लहान. त्याच्या एम. ए. व एलएल. बी. या पदव्या मिळवून ते १८७२ मध्ये उच्च न्यायालयात वकिली करू लागले.

त्या सुमारास बर्लिनचे प्राध्यापक आल्ब्रेख्त वेबर यांचा १८७० सालचा निबंध इंग्रजीत येऊन गाजत होता. ‘दशरथ जातक’ या बौद्ध कथेत सीताहरण नाही, लंकेचे युद्धही नाही. वेबर यांनी तीच मूळ कथा मानली आणि हरण व वेढा हे प्रसंग होमराच्या हेलन-हरणावरून व ट्रॉयच्या वेढ्यावरून घेतले असावेत, असा तर्क केला. धनुर्भंगाचे मूळही त्यांना ओडिसियसच्या धनुष्यात दिसले.

वयाची तेविशी पुरी होण्यापूर्वीच, १८७३ मध्ये, तेलंगांनी मुंबईच्या स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटीपुढे याचे उत्तर वाचले. धर्मभावना दुखावल्याची तक्रार त्यांनी मांडली नाही. पुराव्याचे उत्तर पुराव्याने दिले. दोन काव्ये शेजारी ठेवून पाहू गेल्यास साम्य किती वरवरचे आहे ते ध्यानात येते. पॅरिस हा पाहुणा होऊन आला आणि यजमानाची पत्नी घेऊन गेला. सीतेला रावणाने बळाने नेले. ओडिसियस वीस वर्षांनी घरी परतून धनुष्य ओढतो, ते आपल्याच पत्नीच्या मागे लागलेल्यांचा निकाल लावण्यासाठी. रामाचे धनुष्य विवाहापूर्वीचे. जातकातली कथा संक्षिप्त आहे एवढ्यावरून ती अधिक जुनी ठरत नाही, कारण सांगणारा आपल्या हेतूप्रमाणे कथा बदलतो. पतंजलीच्या महाभाष्यात रामायणातील एक चरण आढळतो, याकडेही तेलंगांनी लक्ष वेधले. माझ्या मते हा मुद्दा सर्वांत वजनदार होय.

भगवद्गीतेवर ख्रिस्ती धर्मग्रंथाची छाया आहे असे लोरिन्सर नावाच्या जर्मन पंडिताने लिहिले, तेव्हाही तेलंगांनी १८७५ च्या आपल्या पद्यानुवादाला प्रस्तावना जोडून त्याचा परामर्श घेतला. १८८२ साली त्यांचे गीतेचे गद्य भाषांतर मॅक्स म्युल्लर यांच्या ग्रंथमालेत निघाले. मात्र परकीयांचे सारेच त्याज्य, असा त्यांचा बाणा नव्हता. लेसिंग या जर्मन नाटककाराचे एक नाटक त्यांनी मराठीत आणले.

१८८९ मध्ये ते न्यायमूर्ती झाले आणि १८९२ मध्ये, ज्या विद्यापीठात शिकले त्याचे पहिले भारतीय कुलगुरू झाले. १ सप्टेंबर १८९३ रोजी, त्रेचाळीस वर्षे पुरी होऊन दोनच दिवस झाले असता, ते निवर्तले. त्याच साली जर्मनीतच हेरमान याकोबी यांचा रामायणावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि त्यात वेबर यांचे मत अमान्य ठरविले गेले.

तो विद्यार्थी यंदा दिवाळीत आला, तेव्हा मी आपण होऊन त्याला हे सर्व सांगितले. ऐकून घेऊन त्याने विचारले की, होमराचे काव्य मराठीत कोठे वाचावयास मिळेल? बुलढाण्यास जाईन तेव्हा चौकशी करीन, असे मी त्याला म्हटले आहे.