मल्लखांबाचे आचार्य बाळंभटदादा देवधर

दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या पदरीं असलेले हे मल्लविद्येचे गुरु. निजामाच्या राज्यांतून आलेल्या अली व गुलाब या मल्लांनीं पुण्यास आव्हान दिलें, तेव्हां तरुण बाळंभटांनीं तें स्वीकारून अवधि मागितला व वणीचा सप्तशृंगी डोंगर गांठला, अशी परंपरा आहे. तेथें मारुतीनें त्यांस लांकडी खांबावरील कसरत दाखविली म्हणतात. बाराव्या शतकांतील ‘मानसोल्लासा’तही ती आढळते, परंतु मागें पडलेल्या त्या विद्येंतून बाळंभटांनीं कुस्तीचें शिक्षण घडविलें, याचेंच आम्हांस अधिक कौतुक वाटतें.

जोरबैठकांनीं बळ वाढतें. पण पकड, कमरेचा पीळ व मांड्यांची मिठी यांस प्रतिपक्षी लागतो. एरंडेल लावलेला गुळगुळीत खांब हा न थकणारा जोडीदारच होय. पकड ढिली होतांच शिष्य खालीं घसरतो. गुरूस बोलावें लागत नाहीं! नाचणगांवच्या आमच्या विद्यार्थ्यांस हें सांगणें नकोच.

पुढें कुस्तींत अली पडला. गुलाब लढलाच नाहीं, असें सांगतात. १८१८ सालीं पेशवाई बुडाली. बाळंभटदादा मात्र बाजीरावांबरोबर कानपुराजवळील ब्रह्मावर्तास गेले, आणि त्यांच्या शिष्यपरंपरेनें काशींतही मल्लखांब रोवला.