शाहू महाराजांची शिकार ते आजचा डमी राउंड

राजर्षी शाहू महाराज म्हटलं की १९०२ चं ५० टक्के आरक्षण आठवतं. पण हा राजा पट्टीचा शिकारीही होता, हे माहितीये?

२६ जून १८७४ ला कागलच्या घाटगे घराण्यात जन्म. १८८४ ला कोल्हापूरच्या गादीवर दत्तक, १८९४ ला कारभार हाती. माणसाळवलेल्या चित्त्यांकडून काळविटांची शिकार हा त्यांचा आवडता छंद. राधानगरीजवळचं दाजीपूरचं जंगल शिकारीसाठी राखीव होतं आणि राधानगरी धरणाचं कामही त्यांनीच सुरू केलं. ६ मे १९२२ ला मुंबईत ते गेले.

पुढे दाजीपूर अभयारण्य झालं, १९७२ च्या कायद्याने वन्यप्राण्यांच्या शिकारीवर बंदी आली. रायफल मात्र रेंजवर टिकली.

आता सराव गोळीशिवायही होतो. डमी राउंड दिसतो काडतुसासारखाच, पण आत दारू नसते. तो फायरिंग पिनचा मार झेलतो. धक्का नाही, आवाज नाही; म्हणून ट्रिगर ओढताना हात हलला की लगेच कळतं. फक्त खरी काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवायची आणि चेंबर दोनदा तपासायचं.

याच राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ ला पॅरिस ऑलिम्पिकमध्ये रायफलचं ब्राँझ आणलं. नेम तोच, फक्त समोर आता जीव नाही, कागद आहे.